वेताची जाळी, डावा मागचा कोपरा

आधीच सांगून टाकते. मी या ग्रुपवर दोन वर्षं आहे ती फक्त तुमचे अनुभव वाचून हसायला. कोणाला घाटात बाई दिसते, कोणाच्या मावशीच्या अंगात येतं… मी चहा पिता पिता वाचायचे आणि पुढे जायचे. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, एकवीस वर्षं झाली. काचेखाली जे दिसतं ते रिपोर्टमध्ये लिहायचं, दिसत नाही ते लिहायचं नाही, एवढंच मला येतं. मुलीची कधी दृष्ट काढली नाही, घर घेताना मुहूर्त बघितला नाही. तेव्हा मला भाविक किंवा घाबरट समजू नका. मी काय आहे ते पुढे कळेलच, आणि ते फार चांगलं नाहीये.

जागा सांगते. मुलुंड पश्चिम, नवा टॉवर, अकरावा मजला, टू बीएचके. त्याआधी आम्ही कांजूरमार्गला वन रूम किचनमध्ये होतो, वारा फिरला की डम्पिंगचा वास थेट स्वयंपाकघरात. या वर्षी मुलुंडला आलो. मी, नवरा महेश आणि कॉलेजात जाणारी मुलगी सई, एवढीच माणसं.

आमच्या टॉवरमध्ये सध्या ‘व्हिंटेज’चं वेड आहे. समोरच्या बाईंनी हॉलमध्ये जुना बाक ठेवला, की दहाव्या मजल्यावर आरामखुर्ची येते. सगळ्यांना घरात एक आजोबा हवा असतो, फक्त लाकडाचा. मीही त्यातलीच. सोफा नको, दोन जुन्या हाताच्या खुर्च्या हव्यात असं मी ठरवलं आणि तीन शनिवार ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत घालवले.

जुनी खुर्ची निवडणं मला जमतं. पॉलिशकडे बघायचंच नाही, पॉलिश कालचं असतं. आधी बसून डावी-उजवीकडे हलायचं, सांधे बोलतात का ऐकायचं. पायांच्या आसपास पिठासारखा भुसा दिसला तर भुंगा लागलाय, कितीही सुंदर असली तरी सोडून द्यायची. उचलून बघायची, शिसवी जड लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खुर्ची उलटी करायची आणि बैठकीच्या खालून हात फिरवायचा. हाताने विणलेली वेताची जाळी असेल तर चौकटीला ओळीने भोकं असतात आणि खाली गाठी लागतात. मशिनची तयार जाळी असेल तर खाली गुळगुळीत, नुसती खाचेत ठोकून बसवलेली.

तिसऱ्या शनिवारी मला हवी तशी जोडी मिळाली. दोन शिसवी खुर्च्या, रुंद हाताच्या, कुठल्याशा सरकारी कचेरीच्या लिलावातून आलेल्या. एकीची जाळी जुनी पण धड होती, दुसरीची मधोमध फाटलेली. मी धड खुर्ची तिथेच उलटी केली आणि डोळे मिटून खालून हात फिरवला. मला असे डोळे मिटायची सवय आहे. दुकानदार चाचा माझ्याकडे बघत राहिले.

"मॅडम, आपके घर में कोई बेत का काम करता था क्या?"

"नहीं," मी म्हटलं. "यूट्यूब पे देखा।"

आता खरं ऐका. माझे वडील चौतीस वर्षं वेताच्या खुर्च्या विणत होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मालवणकडचे. चार वर्षांचे असताना देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. मुंबईत अंधांच्या शाळेत हे काम शिकले आणि मग एका सरकारी कार्यशाळेत लागले. त्या काळी साहेबांच्या खुर्च्यांची जाळी अशाच आंधळ्या माणसांच्या हातून विणली जायची, हे आज कोणाला ठाऊक नसतं. अण्णा जमिनीवर गोणपाट टाकून बसायचे, खुर्ची मांडीवर उलटी घ्यायचे, बाजूला बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत. आमच्या भांडुपच्या टेकडीवरच्या खोलीतही हेच, कारण ते काम घरी आणायचे. त्यांच्या हातांना, कपड्यांना कायम ओल्या वेताचा वास यायचा. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की मला तो वास नको व्हायचा.

"वरसून काय कळणा नाय गो," ते मला सांगायचे. "उलटी कर. हात लावल्यार कळता."

म्हणजे यूट्यूब वगैरे काही नाही. मला जे येतं ते सगळं त्यांचं आहे आणि मी दुकानदाराला ‘नहीं’ म्हणाले. का, ते सांगायला चोवीस वर्षं मागे जावं लागेल.

महेशकडची माणसं मला बघायला आली तो रविवार. आमच्याकडे खुर्च्या नव्हत्या. जन्मभर खुर्च्या विणणाऱ्याच्या घरी खुर्ची नव्हती, यात तेव्हा आम्हाला काही विचित्र वाटायचं नाही. शेजारच्या राणेकाकूंकडून दोन वेताच्या खुर्च्या आणल्या. मी आधीच सांगून ठेवलं होतं की वडील ‘गव्हर्नमेंट सर्व्हिस’ला आहेत. पुढचं काही बोलायचं नाही, असं आईला आणि अण्णांनाही बजावलं होतं. महेशचे वडील एका खुर्चीवर बसले. अण्णा नेहमीसारखे खाली, त्यांच्या पायाशी.

चहा आला आणि मध्येच महेशचे वडील ताडकन उभे राहिले. कप कलंडला, पँटवर चहा. अण्णांनी खालून हात घालून त्यांच्या बैठकीची जाळी चाचपली होती. पाहुणा वर बसलेला असताना. सगळे हसले. महेशची काकी तर पदर तोंडाला लावून हसली. अण्णांना काही कळेना, हात तसाच हवेत.

मी म्हटलं, "अण्णा, हात काढा. यापुढे खुर्चीला हात लावायचा नाही. कधीच."

पाहुण्यांसमोर, चढ्या आवाजात. पोरगी कशी करारी आहे म्हणून सासरच्यांना मी आवडले, असं महेश नंतर गमतीने सांगायचा.

तिसऱ्या दिवशी राणेकाकू त्याच खुर्चीतून खाली गेल्या, जाळीसकट. तेव्हा आईने सांगितलं की अण्णांना त्या दिवशी वेत तुटल्याचा आवाज आला होता. पाहुणा पडेल म्हणून ते चाचपून बघत होते. मी ऐकलं आणि भांडी घासायला लागले. माफी मागितली नाही. मागू, असं वाटत राहिलं.

लग्नानंतर अण्णा कांजूरमार्गला दर रविवारी यायचे, आई गेल्यावरसुद्धा, चौदा वर्षं. काठी टेकत जिना चढायचे आणि दाराच्या डाव्या हाताला भिंतीला टेकून खाली बसायचे. आमच्याकडे तोवर चार खुर्च्या आल्या होत्या. ते काठीने अंदाज घेऊन त्यांना वळसा घालून जायचे, चुकूनसुद्धा हात लागू द्यायचे नाहीत. मी एकदा-दोनदा म्हटलं, "वर बसा ना." तेही उगाच, पोळी लाटता लाटता.

"असांदे गो, माका खालीच बरा."

मला ते सोयीचंच होतं. नऊ वर्षांपूर्वी ते गेले. त्यांचा पत्र्याचा डबा होता, त्यात एक चाकू आणि बांबूच्या बारीक मेखा. विणताना वेताचं टोक भोकातून निसटू नये म्हणून ठोकतात त्या. भांडुपची खोली रिकामी करताना तो डबा मी भंगारवाल्याला देऊन टाकला.

तर खुर्च्या शनिवारी संध्याकाळी घरी आल्या. महेश म्हणाला, "फाटकी खुर्ची पैसे देऊन आणणारी तू पहिलीच." चाचा म्हणाले होते की फाटक्या खुर्चीला खाच पाडून मशिनची जाळी बसवून देतो, पण मी नको म्हटलं. हाताने विणणारा शोधू, असं ठरवून फाटकी जाळी मीच कापून काढली, भोकं मोकळी केली आणि ती चौकट दाराच्या डाव्या बाजूला ठेवली. तिथे जागा होती म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं.

सोमवारी लॅबमधून चारला घरी आले. घर बंद होतं, महेश ऑफिसात, सई कॉलेजात. कुलूप मीच उघडलं. आत ओल्या वेताचा वास होता… मी नऊ वर्षांनी तो घेतला, आणि मला कोणी सांगायची गरज नव्हती. बाथरूममधली बादली काठोकाठ भरलेली, लादी ओली. खुर्चीच्या चौकटीवर उभ्या पट्ट्या ताणलेल्या, पुढून मागे, एकसारख्या अंतरावर. शेवटच्या भोकात बांबूची मेख. वापरून काळी पडलेली.

मी आधी महेशला फोन केला. "तू कोणाला बोलावलंस?"

"मला काय हौस आलीय? तूच शोधत होतीस ना माणूस?"

खाली वॉचमनकडे गेले. आमच्याकडे गेटवर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आपल्या मोबाइलवर येतं, आपण हो म्हटल्याशिवाय लिफ्टपर्यंत कोणी पोचत नाही. वॉचमन म्हणाला, अकराव्या मजल्यावर दिवसभर कोणी आलं नाही. मोबाइलवरही काही नव्हतं. चाव्या तीन, तिघांकडे तीन.

मंगळवारी आडव्या पट्ट्या. बुधवारी त्यावर पुन्हा उभ्या. वेत कुठून येत होता, मला माहीत नाही. आम्ही विकत आणला नव्हता. महेश पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी चिडला, तिसऱ्या दिवशी माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागला. त्याला वाटत होतं की मीच रजा टाकून घरी येते आणि विणते. मी हात पुढे करून दाखवले. वेत विणणाऱ्याच्या बोटांवर चिरा पडतात, आणि माझ्या बोटांवर एकही नव्हती.

सई म्हणाली, "मम्मी, सिंपल आहे. माझा जुना फोन शेल्फवर ठेवू, रेकॉर्ड होऊ दे."

"नाही."

"का नाही? तू घाबरतेस, की तुला माहितीये कोण आहे ते?"

तुम्हीही हेच विचाराल कॉमेंटमध्ये, कॅमेरा का नाही लावला. खरं कारण लिहिते. त्या माणसाला जन्मभर लोकांनी बघितलं आणि त्यांना उलट कोणाला बघता आलं नाही. पाहुण्यांनी बघितलं, काकीने बघितलं, मीही. आणखी एकदा, लपून… माझ्याने झालं नाही.

पण सईला त्या दिवशी सगळं सांगितलं, चहा सांडल्यापासून भंगारवाल्यापर्यंत. ती लहान असताना रविवारी अण्णांच्या मांडीवरच असायची, तिला ते चांगले आठवतात.

"म्हणून आजोबा खाली बसायचे? मला वाटायचं त्यांना आवडतं." मग म्हणाली, "तू सॉरी म्हणालीस?"

"नाही."

"एकदापण नाही? चौदा वर्षांत?"

ती उठून आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिचं बरोबरच होतं.

गुरुवारी आडव्या पट्ट्यांचा दुसरा थर विणून झाला होता, शुक्रवारी एका बाजूने तिरक्या. एवढं बघत बघत मी मोठी झालेय, मला माहीत होतं की आता दुसऱ्या बाजूच्या तिरक्या आणि कडेची पट्टी राहिली. म्हणजे एक दिवस. त्यानंतर काम संपणार आणि काम संपलं की ते जाणार, असं माझ्या डोक्यात बसलं. बसलं कसलं, हे लिहिताना मला माझंच हसू येतंय. पण शनिवारी मी लॅबमध्ये डोकं दुखतंय सांगितलं आणि बाराला निघाले.

साडेबाराला दारात होते. किल्ली हातात काढली आणि थांबले. आतून आवाज येत होता. ओला वेत भोकातून ओढला की जो येतो तो, सर्र… मग थोडं थांबणं, मग पुन्हा सर्र. मध्येच घसा खाकरल्याचा. भर दुपार, समोरच्या घरात कुकरच्या शिट्ट्या, लिफ्टमधून कोणाचं तरी पार्सल आलेलं. आणि मी माझ्याच घराच्या बंद दाराला कान लावून उभी.

किती वेळ गेला सांगता येत नाही. बोलायचं खूप होतं. मी चूक केली, मला लाज वाटायची, तुमची नाही, माझीच… असं काहीतरी. चोवीस वर्षं साठवलेलं, पण तोंडातून निघालं ते पोळी लाटतानाचं जुनंच वाक्य.

"अण्णा, वर बसा ना. खुर्चीवर बसा. तुमचीच आहे."

आवाज थांबला. मी आणखी थोडी थांबले. त्यांना उठायला वेळ लागायचा, गुडघे दुखायचे, म्हणून मुद्दाम थांबले. मग दार उघडलं.

घरात कोणी नव्हतं. खुर्ची पूर्ण झाली होती, कडेची पट्टीसुद्धा बसलेली. मेख एकही उरली नव्हती. मी पर्स खाली टाकली, गुडघ्यांवर बसले आणि डोळे मिटून खालून हात घातला. अण्णांची एक खोड होती. डाव्या मागच्या कोपऱ्यात शेवटची गाठ ते दोनदा मारायचे, बाकीच्या सगळ्या एकेकदा. म्हणायचे, माझी खुर्ची माझ्याकडे दुरुस्तीला परत आली तर मला कळायला हवं. बोटांना ती दुहेरी गाठ लागली. ओली, गार.

मग का कोण जाणे, मी दुसऱ्या खुर्चीखाली हात घातला. त्या धड जाळीच्या, जुन्या. डावा मागचा कोपरा. तिथेही दुहेरी गाठ, सुकून दगडासारखी कडक झालेली.

म्हणजे दुकानात चाचांनी विचारलं तेव्हा माझा हात अण्णांच्या कामावर होता. मी खालून सगळ्या गाठी चाचपल्या होत्या, त्या कोपऱ्यातलीसुद्धा. हात लावल्यावर कळतं म्हणे. मला कळलं नाही, आणि हात तिथेच ठेवून मी म्हणाले की आमच्या घरात असं काम कोणी करत नव्हतं.

तिथेच जमिनीवर बसून होते आणि मग बैठकीकडे नीट बघितलं. अण्णांनीच सांगितलेलं होतं, "जाळी ओली असताना कोण बसलो काय तिका पोट येता. मगे ता जाणा नाय." ओल्या वेतावर वजन आलं की मध्ये खळगा पडतो आणि सुकल्यावर तो तसाच राहतो. मी डोळ्यांच्या रेषेत आणून बघितलं, तळवा ठेवून बघितला. जाळी सपाट होती. कुठेच, केसभरही दबलेली नव्हती.

खुर्चीच्या बाजूला, दाराच्या डाव्या हाताला, भिंतीलगत फरशीवर एक चौकोनी ओला डाग होता. जवळ जाऊन बघितलं. गोणपाटाची वीण त्यात स्पष्ट उमटलेली. आमच्या घरात गोणपाट नाही.

संध्याकाळपर्यंत तो डाग वाळला. मी पुसला नाही.

याला चार महिने झाले. महेशचं म्हणणं, कोणीतरी कारागीर बनावट किल्लीने येऊन गेला असणार. फुकट जाळी विणून जाण्यासाठी कोणी घरफोडी का करेल, असं विचारलं की तो विषय बदलतो. सईने पुन्हा कधी कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही. मी चाचांना फोन करून खुर्च्या नेमक्या कुठल्या कचेरीतून आल्या ते विचारलं, त्यांना ठाऊक नव्हतं. जाता जाता हेही सांगितलं की माझे वडील वेताचं काम करायचे. ते "अच्छा" म्हणाले आणि भाव सांगायला लागले, आणखी एक बाक आला होता. स्पष्टीकरण मागायला मी आणखी कोणाकडे गेले नाही. लॅबमध्ये जे दिसत नाही ते आम्ही लिहीत नाही, असं वर म्हटलंय. हे मी बघितलं तेवढंच लिहिलंय. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर सांगा, फक्त शांती वगैरे करायला सांगू नका. अशांत कोण आहे ते मला माहीत आहे.

त्यानंतर घरात वास आला नाही, बादली भरलेली दिसली नाही. ती खुर्ची मी कोणाला वापरू देत नाही. येणारे कौतुक करतात, "काय सुंदर जाळी आहे, बसू का?" विचारतात, आणि मी दुसरीकडे बोट दाखवते. दर रविवारी, ते यायचे त्या वेळेला, मी दार अर्धं उघडं ठेवते आणि स्वयंपाकघरातून हाक मारते, आता पोळ्या बाजूला ठेवून. मग बाहेर येऊन बैठकीवर तळवा ठेवते.

अजून सपाट आहे.